कळ आली की आधी श्वास सोडा

पहिलटकरणीला जो तो सांगतो, कळा सुरू झाल्या की मोठमोठे श्वास घे. सांगणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो पण सल्ला अर्धवट आहे, कारण कळांमध्ये हवा कमी पडण्यापेक्षा जास्त होण्याचीच शक्यता मोठी.

होतं काय, की गरोदरपणात प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन वाढतं आणि मेंदूतल्या श्वासाच्या केंद्राच्या मागे सतत लागून राहतं, त्यामुळे मिनिटाला आत-बाहेर होणारी हवा आधीपेक्षा 30 ते 50 टक्के वाढलेली असते, आणि रक्तातला कार्बन डायऑक्साइड, जो एरवी पाऱ्याच्या 40 मिलिमीटरच्या आसपास असतो, तो 30-32 वर आलेला असतो. त्यात कळ आली, घाबरून भराभर धापा टाकल्या की तो अजून घसरतो. मग ओठांभोवती नि बोटांत मुंग्या येतात, गरगरतं, कधी तर हाताची बोटं आखडून ताठ होतात आणि बाईला वाटतं आपल्याला काहीतरी भलतंच होतंय. श्वास हळू केला की हे बहुतेक वेळा थोड्या वेळात ओसरतं, तरी सिस्टरला सांगायचंच.

बाळाच्या बाजूने बघा तर आणखी गंमत. कार्बन डायऑक्साइड फार उतरला की आईच्या रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजन धरून बसतं, सहज सोडत नाही, शिवाय गर्भाशयाकडच्या रक्तवाहिन्याही आकसू शकतात. म्हणजे बाळासाठी म्हणून जोरजोरात श्वास घ्यायचे आणि त्याच्यापर्यंत ऑक्सिजन पोचायचा कमीच.

म्हणून सगळं लक्ष श्वास सोडण्यावर. कळ चढायला लागली की आधी एक उसासा टाकायचा, खांदे नि जबडा सैल, मग नाकाने सहज श्वास आत आणि गरम दुधावर फुंकर घालतो तसा ओठांतून सावकाश बाहेर. श्वास सोडताना हृदयाचे ठोके जरासे मंदावतात, हे काम व्हेगस नावाची नर्व्ह करते, तुम्ही नाडीवर बोट ठेवूनही बघू शकता. आणि भीतीने अ‍ॅड्रेनालिन फार वाढलं तर कळांचा जोरही कमी होऊ शकतो, त्यामुळे शांत राहणं हे नुसतं धीर देण्यापुरतं नाहीये. नेमके आकडे मोजायच्या भानगडीत मात्र पडू नका असं माझं मत, श्वास घेता-सोडताना चार मोजायचे की सहा, हे ऐन कळेत कुणाच्या लक्षात राहणार? एक कळ साधारण मिनिटभराची, तेवढ्यात पाच-सहा असे श्वास होतात आणि ती उतरते.

फर्नांड लामाझ या फ्रेंच डॉक्टरांनी 1951 मध्ये सोव्हिएत युनियनमध्ये अशी तयारी करून केलेली बाळंतपणं पाहिली नि पद्धत फ्रान्समध्ये आणली. त्यांच्या पद्धतीत भरभर, वरवरचे श्वास होते, तेच पुढे सिनेमा-सिरियलमध्ये हू-हू-ही म्हणून आले. आता शिकवताना भर संथ श्वासावर असतो.

दुखणं याने जात नाही हं, सोसायला मदत होते एवढंच. एपिड्युरल, म्हणजे पाठीतून दिलं जाणारं कळांचं दुखणं कमी करणारं औषध, हवं असेल तर खुशाल घ्यावं, त्यात हरण्यासारखं काही नाही.

पिशवीचं तोंड पूर्ण उघडल्यावर खेळ बदलतो. श्वास कोंडून, दहा मोजेपर्यंत जोर लावा ही जुनी रीत, पण जागतिक आरोग्य संघटनेच्या 2018 च्या शिफारशी म्हणतात की बाईला आतून जशी ऊर्मी येईल तसा जोर लावू द्यावा. डोकं बाहेर येताना डॉक्टर "आता जोर नको" म्हणाले की तेवढ्यापुरते छोटे, हलके श्वास घ्यायचे, म्हणजे डोकं झटक्यात न येता हळू येतं.

सराव शेवटचे दोन-तीन महिने रोज पाच मिनिटं केला तरी चालेल, आणि लेबर रूममध्ये जो सोबत असणार आहे त्याच्याबरोबर करा, कारण ऐन वेळी सूचना ऐकूच येत नाहीत, शेजारी कोणी आवाज करत सावकाश श्वास सोडत असेल तर आपलाही आपोआप तसाच होतो.