ठेकेदारी कामगारांची सुरक्षा (नागपूर परिसर)

कारखाना, वीज केंद्र, गोदाम किंवा बांधकामाच्या साइटवर बाहेरच्या ठेकेदाराची माणसं बोलावून काम करून घेताना ती माणसं संध्याकाळी धडधाकट घरी जावी यासाठी जी व्यवस्था लावतात ती म्हणजे ठेकेदारी कामगारांची सुरक्षा. ठेकेदार निवडण्यापासून ती सुरू होते, मग गेटपास, इंडक्शन (काम सुरू करायच्या आधी सुरक्षेची माहिती देणं), वर्क परमिट (कामाची लेखी परवानगी), रोजची देखरेख आणि शेवटी काम ताब्यात घेणं असं सगळं त्यात येतं. कंपनीच्या एकूण सेफ्टी आणि हेल्थ प्रोग्रामचाच हा एक भाग आहे, पण बहुतेक ठिकाणी सगळ्यात कच्चा हाच राहतो. पाइपातून काय वाहतं, कोणता व्हॉल्व्ह पासिंग आहे म्हणजे बंद करूनही गळतो, कोणत्या पॅनलला दोन ठिकाणांहून सप्लाय येतो हे प्लांटच्या ऑपरेटरला वर्षानुवर्षं पाठ असतं, आणि त्याच पाइपाला ग्राइंडर लावणारा पोरगा कालच बालाघाटहून आलेला असतो. ही ऑपरेटरकडची माहिती त्या पोरापर्यंत काम सुरू व्हायच्या आधी पोचवणं, एवढ्यासाठीच हा सगळा खटाटोप आहे.

नागपुरात याची गरज जास्त का, तर इथे कामाचे प्रकारच तसे आहेत. हिंगणा आणि बुटीबोरी एमआयडीसी, कळमेश्वरचे कारखाने, कोराडी आणि खापरखेड्याची औष्णिक वीज केंद्रं, उमरेड-सावनेर पट्ट्यातल्या कोळसा खाणी, शिवाय अमरावती रोडने बाजारगावकडे गेलं की स्फोटकांचे कारखाने. वीज केंद्राचं युनिट ओव्हरहॉलला (मोठ्या दुरुस्तीला) बंद झालं की थोड्याच दिवसांत शेकडो नवी माणसं आत येतात, गोंदिया, भंडारा, छत्तीसगड, बिहार कुठून कुठून, आणि मुदत संपली की निघून जातात. पेट्रोल, गॅस सिलिंडर आणि स्फोटकांचे परवाने पाहणाऱ्या पेसो या केंद्रीय संस्थेचं मुख्यालय नागपुरातच आहे, राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय पण इथलंच, म्हणजे सुरक्षेतली जाणकार माणसं शहरात भरपूर आहेत. तरी डिसेंबर २०२३ मध्ये बाजारगावला आणि जून २०२४ मध्ये धामण्याला स्फोटकांच्या कारखान्यात झालेल्या स्फोटांमध्ये कामगार गेलेच, आणि त्यात आजूबाजूच्या खेड्यातल्या बायाही होत्या.

कायद्याचं बोलायचं तर इथे एक गैरसमज फार पसरलेला आहे, तो म्हणजे काम ठेकेदाराला दिलं की जबाबदारी पण त्याचीच. तसं नाही. कारखाने अधिनियम १९४८ मध्ये १९७६ साली बदल झाला तेव्हापासून ठेकेदारामार्फत आलेला माणूस सुद्धा त्या कारखान्याचा कामगारच धरला जातो, भोपाळच्या वायुदुर्घटनेनंतर १९८७ मध्ये भोगवटादाराची (कारखान्यावर अंतिम ताबा असणाऱ्याची) सर्वसाधारण कर्तव्यं आणि धोकादायक प्रक्रियांचं वेगळं प्रकरण त्यात आलं. कंत्राटी कामगार कायदा १९७० प्रमाणे ठेकेदाराने पगार थकवला तर तो मूळ मालकाला (काम देणाऱ्या कंपनीला) द्यावा लागायचा, पिण्याचं पाणी, संडास, प्रथमोपचार या सोयी ठेकेदाराने केल्या नाहीत तर त्याही मालकालाच कराव्या लागायच्या. हे आणि असे एकूण १३ कायदे एकत्र करून २०२० ची व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाची परिस्थिती संहिता झाली आणि ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू आहे. तिच्यात सेफ्टी ऑफिसर नेमायची मर्यादा साध्या कारखान्याला १००० वरून ५०० कामगारांवर आणली आहे, धोकादायक प्रक्रिया असेल तर २५०. कारखान्यांची तपासणी राज्याचं औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय करतं, खाणींची डीजीएमएस ही केंद्राची खाण सुरक्षा यंत्रणा.

सुरक्षेचा पहिला घोळ टेंडरमध्येच होतो. सगळ्यात कमी रेटवाल्याला काम, आणि रेट कमी कशाने झाला तर सेफ्टी बेल्ट, परांची, सुपरवायझर याच्यावर काटछाट करून. ज्या कंपन्या हे मनापासून करतात त्या टेंडर काढायच्या आधीच ठेकेदाराचा मागचा अपघातांचा रेकॉर्ड, त्याच्या माणसांचं ईएसआय (कामगार विमा) आणि पीएफ, वेल्डर आणि क्रेन ऑपरेटरची सर्टिफिकेटं पाहतात, आणि सेफ्टीचा खर्च बिलात वेगळी आयटम म्हणून दाखवतात म्हणजे त्याच्यावर घासाघीस होत नाही. आयएसओ ४५००१ हे कामाच्या ठिकाणच्या सुरक्षेचं २०१८ चं आंतरराष्ट्रीय मानक पण ठेकेदार निवडतानाच सुरक्षेचे निकष लावा असंच सांगतं. माझ्या मते ही एक गोष्ट केली तरी पुढची अर्धी डोकेदुखी कमी होते.

गेटवर इंडक्शन होतं. बऱ्याच ठिकाणी ते म्हणजे एक इंग्रजी व्हिडिओ आणि रजिस्टरवर अंगठा. ज्या माणसाला मराठी पण नीट येत नाही, घरी छत्तीसगडी बोलतो, त्याला त्यातून काय कळणार? हिंदीत, त्याच्या मुकादमाला बाजूला उभं करून, प्रत्यक्ष सायरन वाजवून आणि असेंब्ली पॉइंटपर्यंत (धोक्याच्या वेळी जमायच्या जागेपर्यंत) चालत नेऊन दाखवलं तर लक्षात राहतं. उंचीवर चढणाऱ्याची चक्कर, बीपी, फिट यायचा त्रास यासाठी मेडिकल तपासणी पण इथेच व्हायला पाहिजे.

आता वर्क परमिट, कारण सगळं याच्यावर येऊन थांबतं. परमिट म्हणजे प्लांटवाला आणि काम करणारा दोघांनी मिळून, जागेवर उभं राहून, लेखी ठरवलेलं की हे काम, या जागी, इतक्या वेळेत, या धोक्यांपासून असा बचाव करून. वेल्डिंग-कटिंगला हॉट वर्क परमिट, त्यात आजूबाजूचं जळाऊ सामान हटवणं, गॅस टेस्ट, आणि काम झाल्यावरही निदान अर्धा तास फायर वॉच म्हणजे आगीवर नजर ठेवणारा माणूस, कारण ठिणगी लगेच पेटेलच असं नाही. मोटर, पंप किंवा कन्व्हेयरला हात लावायचा तर सप्लाय बंद करून कुलूप आणि टॅग, आणि किल्ली काम करणाऱ्याच्याच खिशात. टाकी, बॉयलर ड्रम, सायलो, गटाराचं चेंबर अशा बंदिस्त जागेत उतरण्याबद्दल जुन्या कारखाने अधिनियमाचं कलम ३६ सांगायचं की सक्षम व्यक्तीने स्वतः तपासून लेखी प्रमाणपत्र दिल्याशिवाय माणूस आत जाणार नाही, नाहीतर त्याला श्वसनयंत्र आणि कमरेला दोर हवा आणि दोराचं टोक बाहेरच्या माणसाच्या हातात. ३६-अ प्रमाणे पुरेशी सुरक्षा साधनं नसतील तर आत न्यायचा दिवा २४ व्होल्टच्या वर चालत नसे. ऑक्सिजन साधारण १९.५ टक्क्यांच्या खाली असेल तर श्वसनयंत्राशिवाय उतरायचंच नाही. आणि आतला माणूस बेशुद्ध पडला म्हणून दुसरा तसाच उडी मारतो, त्याच्या मागे तिसरा, अशा प्रकारात वाचवायला गेलेलेही मरतात, हे प्रत्येक ठेकेदाराच्या माणसाला तोंडपाठ व्हायला पाहिजे.

परमिट नुसतं भरून चालत नाही याचं सगळ्यात मोठं उदाहरण १९८८ चं. उत्तर समुद्रातल्या पायपर अल्फा या तेल प्लॅटफॉर्मवर एका पंपाचा सेफ्टी व्हॉल्व्ह दुरुस्तीला काढलेला होता, त्याची माहिती रात्रीच्या शिफ्टला मिळाली नाही, त्यांनी पंप चालू केला आणि १६७ माणसं गेली. पुढच्याच वर्षी अमेरिकेत पॅसाडेनाच्या प्लास्टिक प्लांटमध्ये ठेकेदाराचे लोक मेंटेनन्स करत असताना गॅस सुटला, स्फोटात २३ गेले, आणि १९९२ मध्ये तिथल्या सुरक्षा नियमांमध्ये ठेकेदारांसाठी वेगळं कलम आलं. म्हणून शिफ्ट बदलताना उघडी (काम अजून संपलेलं नाही अशी) परमिटं समोरासमोर, जागेवर जाऊन सोपवायची. नागपूरच्या कारखान्यांत जनरल शिफ्टचा इंजिनिअर सहाला निघतो आणि ठेकेदाराची माणसं ओव्हरटाइमला आठपर्यंत थांबतात, ते मधले दोन तास बघायला पाहिजेत, तेव्हा परमिट देणारा नसतो आणि काम मात्र चालूच असतं.

इथल्या हवामानाची दोन कामं वेगळी सांगावी लागतात. पावसाळ्याच्या तोंडावर, मे-जूनमध्ये, शेडच्या छताचे पत्रे बदलायची घाई होते. सिमेंटचा जुना पत्रा वरून पक्का दिसतो पण माणसाचा भार घेत नाही आणि त्यातून माणूस सरळ खालच्या मशीनवर पडतो. छतावर फळ्या टाकून त्यांच्यावरूनच चालायचं, खाली जाळी लावायची, फुल बॉडी हार्नेसचा (अंगभर पट्ट्यांच्या सेफ्टी बेल्टचा) हुक लाइफलाइनला म्हणजे वेगळ्या बांधलेल्या मजबूत दोराला अडकवायचा, पत्र्याच्या स्क्रूला नाही. दुसरं म्हणजे ऊन. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, पत्र्याच्या छतावर किंवा बॉयलरजवळ त्याहून जास्त, आणि मजूर पाणी प्यायला सुद्धा थांबत नाही कारण काम मोजून पैसे मिळतात. अशा दिवसांत दुपारी बारा ते चार छतावरचं काम बंद, सावली, थंड पाणी, ओआरएस, आणि नव्या माणसाला पहिले काही दिवस कमी काम, कारण अंगाला उन्हाची सवय व्हायला वेळ लागतो. घाम बंद होऊन माणूस बडबडायला लागला तर तो उष्माघात, लगेच अंगावर पाणी ओतून वारा घालायचा आणि दवाखान्यात न्यायचं.

पेटी ठेकेदार हा वेगळाच विषय आहे. मोठ्या ठेकेदाराने काम घेतलं, त्याने दुसऱ्याला दिलं, त्याने ठिय्यावरून (मजूर कामाची वाट पाहत उभे राहतात त्या चौकातून) चार माणसं उचलली, आणि त्या चौघांचं नाव कंपनीच्या कुठल्याच कागदावर नाही. मला विचाराल तर लेखी परवानगीशिवाय पेटी ठेका बंदच पाहिजे, आणि दिलाच तर त्याच्या प्रत्येक माणसाचं इंडक्शन आणि विमा आधी. रोज सकाळी दहा मिनिटं टूलबॉक्स टॉक, त्यात आज काय काम, काल कुठे थोडक्यात वाचलो. काम धोक्याचं वाटलं तर थांबवायचा हक्क ठेकेदाराच्या हेल्परला पण पाहिजे, आणि थांबवल्याबद्दल दुसऱ्या दिवशी गेटपास रद्द झाला नाही पाहिजे, नाहीतर निअर मिस (थोडक्यात टळलेला अपघात) कोणी सांगतच नाही.

अपघात झालाच तर ४८ तास किंवा जास्त काम करता येणार नाही अशी इजा कारखाने निरीक्षकाला कळवावी लागते, ठेकेदाराचा माणूस असला तरी. महिन्याला २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्याचं ईएसआय असेल तर सोमवारीपेठेतल्या विमा रुग्णालयात उपचार मिळतो आणि कामावर नसलेल्या दिवसांचा भत्ता पण, आणि ईएसआय लागू नसेल तर सामाजिक सुरक्षा संहिता २०२० प्रमाणे (आधी हे कर्मचारी नुकसानभरपाई कायदा १९२३ मध्ये होतं) थेट मूळ मालकाकडे दावा करता येतो, मालकाने ते पैसे नंतर ठेकेदाराकडून वसूल करायचे. जखमी माणसाच्या घरच्यांना हे बहुतेक वेळा कोणी सांगत नाही, ते सांगायचं काम कंपनीच्या सेफ्टी किंवा एचआरवाल्याने पहिल्याच दिवशी दवाखान्यात जाऊन करावं.