यूट्यूब चालतं, मग बँकेचं पान का अडतं?

मिरजेला मावशीकडे गेलो होतो. तिच्या कॉम्प्युटरवर यूट्यूबवरचं कीर्तन कुठेही न अडखळता चालत होतं, गूगलवर हवं ते क्षणात सापडत होतं. बँकेचं लॉगिनचं पान मात्र उघडायला तयार नव्हतं. गोल चक्र फिरत राही आणि बऱ्याच वेळाने ‘साइट उघडता येत नाही’ असा निरोप येई. विमा कंपनीच्या साइटचीही तीच गत. नेटवाल्याला फोन केला तेव्हा त्याने स्पीड तपासला, तो उत्तम निघाला, आणि ‘बँकेचा सर्व्हर डाऊन असेल’ म्हणून तो मोकळा झाला. तीन आठवडे मावशी रिक्षाने बँकेत जात होती. ‘मलाच हे जमत नाही रे,’ असं ती म्हणाली, ते मला फार लागलं.

नेट पूर्ण बंद पडलं तर सगळे नेटला दोष देतात. ठरावीक साइटच उघडत नाहीत तेव्हा माणूस, त्यातही वयस्कर माणूस, स्वतःला दोष देतो. पण शोध घेणाऱ्यासाठी ‘ठरावीक’ हाच पहिला धागा असतो.

आधी मोबाइलचं वायफाय बंद केलं आणि सिमच्या डेटावर तीच साइट उघडली. ती लगेच आली, म्हणजे बँकेचा सर्व्हर शाबूत होता. मग त्याच मोबाइलवर घरचं वायफाय लावलं. साइट अडली. म्हणजे कॉम्प्युटरचाही दोष नव्हता. अडचण घरचा राउटर ते बँक या वाटेवर कुठेतरी होती. हे दोन प्रयोग केल्याशिवाय कुणीही विंडोज नव्याने टाकू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे. त्या खटाटोपात लोकांचे घरचे फोटो कायमचे गेलेले मी पाहिले आहेत.

साइट उघडताना कॉम्प्युटर एकामागून एक कामं करतो. पहिलं काम नावावरून पत्ता शोधण्याचं. साइटचं नाव आपल्यासाठी असतं, यंत्रांना आकडी पत्ता लागतो. सुरुवातीला जगभरच्या यंत्रांची नावं एकाच यादीत असत. कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एलिझाबेथ फाइनलर यांचा गट ती सांभाळत असे आणि बाकीचे तिची प्रत उतरवून घेत. यंत्रं वाढली तशी यादी आवरेना, म्हणून १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएस ही वाटून दिलेली नामावली रचली. त्या जुन्या यादीचा अवशेष, ‘होस्ट्स’ नावाची छोटी फाइल, आजही प्रत्येक विंडोज कॉम्प्युटरमध्ये असते. कुणी तिच्यात एखाद्या साइटपुढे चुकीचा पत्ता लिहून ठेवला, तर तेवढी एकच साइट त्या कॉम्प्युटरपुरती नाहीशी होते.

व्हायरस लिहिणाऱ्यांना या टप्प्याचं महत्त्व केव्हाच कळलं. २००८ च्या अखेरीस पसरलेला कॉन्फिकर हा अँटिव्हायरस कंपन्यांची आणि मायक्रोसॉफ्टची नावं कुणी विचारली तर उत्तरच मिळू देत नसे. बाकी सगळं सुरळीत, औषधाचं दुकान तेवढं बंद! डीएनएसचेंजरने तर नामावली विचारण्याचं ठिकाणच बदललं. एफबीआयच्या हिशेबाने शंभरहून अधिक देशांतले सुमारे ४० लाख कॉम्प्युटर त्याने बाधित झाले होते. २०११ च्या नोव्हेंबरमध्ये टोळी पकडली गेली, तरी टोळीचे ते नामावलीचे सर्व्हर तडकाफडकी बंद केले असते तर या सगळ्यांचं नेट थांबलं असतं. म्हणून ९ जुलै २०१२ पर्यंत त्यांच्या जागी स्वच्छ सर्व्हर चालवावे लागले. तेव्हा फक्त अँटिव्हायरसच्याच साइट अडत असतील, तर संशय आधी कॉम्प्युटरवर घ्यावा.

दुसरा टप्पा ओळख पटवण्याचा. ‘मी अमुक बँकच’ असं सांगणारं प्रमाणपत्र साइट दाखवते आणि त्यावर मुदत असते. ती मुदत ब्राउझर कॉम्प्युटरच्या घड्याळाशी ताडून पाहतो. जुन्या कॉम्प्युटरमधली घड्याळासाठीची नाण्याएवढी बॅटरी संपली की तारीख कित्येक वर्षं मागे जाते, आणि एकामागून एक साइट ‘सुरक्षित नाही’ ठरतात. तारीख बरोबर केली की काम होतं. ३० सप्टेंबर २०२१ ला मात्र उलट झालं. अनेक साइट ज्याच्या आधारावर उभ्या होत्या त्या एका मूळ प्रमाणपत्राची मुदत संपली, आणि वर्षानुवर्षं अपडेट न मिळालेल्या जुन्या मॅक आणि आयफोनवर त्या साइट अडल्या. तिथे घड्याळ बरोबर होतं, विश्वासाची यादी जुनी होती.

काही साइट आपल्या देशात माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९ अ खाली बंद केलेल्या असतात. तिथे बिघाड शोधण्यात अर्थ नाही.

मावशीकडे यातलं काहीच नव्हतं. पत्ता मिळत होता, तारीख बरोबर होती, जोडणीही होत होती. अडत होतं ते त्यापुढे.

नेटवरचा मजकूर लहान लहान पॅकेटांतून येतो. इथरनेटच्या तारेवर एका पॅकेटची कमाल मर्यादा १५०० बाइटची. पण घरोघरच्या अनेक ब्रॉडबँड जोडण्या युजरनेम-पासवर्डवाल्या पीपीपीओई पद्धतीच्या असतात, आणि ती पद्धत प्रत्येक पॅकेटवर आपलं ८ बाइटचं वेष्टन चढवते. उरतात १४९२. रेल्वेच्या पुलाआधी रस्त्यावर लोखंडी कमान असते ना, तसंच हे. मोटारी, रिक्षा खुशाल जातात; उंच माल भरलेला ट्रक अडतो.

अडलेल्या पॅकेटाविषयी वाटेतला राउटर पाठवणाऱ्याला उलट निरोप देतो, ‘माल कमी भर, इथून १४९२ च जाईल.’ पाठवणारा ऐकतो आणि सगळं सुरळीत होतं. पण सुरक्षेच्या अतिकाळजीने काही संस्थांचे फायरवॉल, म्हणजे नेटच्या दारावरचे पहारेकरी, अशा प्रकारचे सगळेच निरोप दारात अडवतात. मग सर्व्हर तेच मोठं पॅकेट पुन्हा पुन्हा पाठवत राहतो आणि ते पुन्हा पुन्हा कमानीशी हरवतं. बँकेशी हात मिळवण्याची पॅकेटं लहान असल्याने ती पार होतात. पाठोपाठ येणारं प्रमाणपत्र काही हजार बाइटचं, ते येतच नाही. यूट्यूब आणि गूगल मात्र ब्राउझरशी क्विक नावाच्या नव्या पद्धतीने बोलतात, तिची पॅकेटं मुळातच १५०० च्या बरीच आत ठेवलेली असतात. म्हणून तासाचं कीर्तन निर्विघ्न, आणि दोन रकान्यांचं लॉगिन अडलेलं. स्पीडचा यात संबंधच नाही.

हे तपासता येतं. विंडोजच्या पिंग या आज्ञेला ‘तुकडे करू नकोस’ असं बजावून पॅकेटाचा आकार देता येतो. १४७२ दिला तर त्यात शीर्षाचे, म्हणजे पॅकेटावरच्या पत्त्यांच्या वगैरे नोंदीचे, २८ बाइट मिळून १५०० होतात. ते गेलं नाही. १४६४ दिला, म्हणजे १४९२; ते गेलं. आता १४९२ ही मर्यादा असणं हा दोष नव्हे. जोडणी होतानाच ‘मला लहान तुकडे पाठव’ असं समोरच्याला कळवण्याची जबाबदारी राउटर घेतो, त्याला एमएसएस क्लॅम्पिंग म्हणतात. मावशीला विचारलं, राउटर कधी बदलला? वळवाच्या पावसात वीज कडाडली तेव्हा जुना जळाला होता. नवा बसवून बरोबर तीन आठवडे झाले होते.

कॉम्प्युटरमधली पॅकेटाची मर्यादा मी १५०० वरून १४९२ वर आणली. आता कॉम्प्युटरच जोडणी करताना लहान तुकडे मागू लागला आणि बँकेचं पान झटकन उघडलं. वायफायवरच्या मोबाइलमध्ये ते त्या रात्री अडलेलंच राहिलं, कारण त्याला कुणी काही सांगितलं नव्हतं. सकाळी नेटवाल्याचा मुलगा आला. मी त्याला पिंगचे दोन्ही आकडे दाखवले, त्याने नव्या राउटरमध्ये एमएसएस क्लॅम्पिंगपुढे एक खूण केली, आणि मावशीने मोबाइलवरच विम्याचा हप्ता भरला.