वाद्य परदेशी नेताना: आमच्या ग्राहकांसाठी थोडी माहिती

बडोद्याहून परदेशी निघालेल्या सामानात वाद्य असणे नवे नाही. संगीतज्ञ मौलाबक्षांचे नातू, वीणावादक इनायत खाँ १९१० साली अमेरिकेला गेले, ते याच गावातले. हल्ली जुलै-ऑगस्ट आला की दांडिया बाजारातल्या आमच्या छोट्या दुकानात सतारी, पेट्या (हार्मोनियम) आणि तबले-डग्गे ठेवायला जागा उरत नाही. कुणाचा मुलगा कॅनडाला शिकायला निघालेला असतो, कुणी मुलीकडे न्यू जर्सीला कायमचे चाललेले असतात. आल्या आल्या पहिला प्रश्न, "पॅकिंगचे किती घ्याल?" तो प्रश्न शेवटी विचारायचा. त्याआधी काय बघायचे ते इथे लिहिले आहे.

न्यायचे की ठेवायचे?

पेटी आणि तबला-डग्गा खुशाल न्या. सतार वाजवणारा माणूस स्वतः जात असेल तर सतारही न्या. पाच फुटी मर्दानी तंबोऱ्याचा मात्र दहादा विचार करा. तो विमानाच्या नेहमीच्या मापात बसत नाही. जहाजाने पाठवायचा तर खोका, भाडे, विमा आणि बंदरावरचे आकार यांची बेरीज ऐकून माणसे गप्प होतात. आमचे मत विचाराल तर असा तंबोरा इथेच कुणा गाणाऱ्याच्या घरी वाजता ठेवा आणि बरोबर लहान, चपट्या पेटीचा तंबोरा किंवा इलेक्ट्रॉनिक तानपुरा न्या. असे सांगून आमचे पॅकिंगचे पैसे जातात, पण भिंतीला टांगायला म्हणून नेलेला तंबोरा तिकडच्या हीटरशेजारी तडकतो, तेव्हा फोन आम्हालाच येतो.

वाद्य पणजोबांचे असेल तर आणखी एक गोष्ट. पुरावस्तू आणि कलासंपदेचा १९७२ चा कायदा शंभर वर्षे किंवा त्याहून जुन्या कारागिरीच्या वस्तूंनाही लागू होतो, आणि अशी वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. वाद्य तेवढे जुने नसेल पण दिसायला जुने असेल, तर विमानतळावर वाद घालण्यापेक्षा भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून 'ही पुरावस्तू नाही' असा दाखला आधीच घ्या. त्यांचे मंडळ कार्यालय बडोद्यातच आहे. जुनी पावती किंवा कारागिराची चिठ्ठी सापडली तर तीही जोडा.

मोडते कुठे?

सगळ्यांचा राग हमालावर असतो. खोके आपटले जाते हे खरेच, पण वाद्य बहुतेक वेळा मोडते ते खोक्याच्या आत हलल्यामुळे. सतारीत दांडी आणि भोपळा जिथे जुळतात तो गुलूचा सांधा सगळ्यात कच्चा. लांब दांडीच्या टोकाला खुंट्यांचे वजन आणि दुसऱ्या टोकाला भोपळा. मधे आधार नसेल तर एका धक्क्यात सगळा जोर त्या सांध्यावर येतो. सतार ठेवायला फायबरची महागडी पेटी घेतली म्हणजे काम झाले असे नाही, पेटी आणि सतार यांच्यामध्ये किती पोकळी राहिली ते बघायचे.

दुकानात आम्ही आधी तारा दोन-तीन सुरांनी उतरवतो. सगळ्या सैल सोडत नाही, नाहीतर घोडी (तारा जिच्यावर टेकतात ती) सरकते आणि तरफांचा (खालच्या बारीक तारांचा) गुंता होतो. तारा आणि तबली (भोपळ्यावरची लाकडी फळी) यांच्यामध्ये मऊ कापडाची घडी सरकवतो, म्हणजे घोडी कलंडलीच तरी तबलीला ओरखडा नको. वरचा लहान भोपळा स्क्रूचा असेल तर काढून वेगळा देतो, तो हातातल्या पिशवीत ठेवा. मग सबंध सतारीला मलमल, त्यावर फोम, आणि दांडीखाली दोन ठिकाणी व खुंट्यांच्या डोक्याखाली टेकू. बबल रॅप थेट पॉलिशवर कधीच लावू नका. लाखेचे पॉलिश उन्हात मऊ होते आणि बुडबुड्यांची नक्षी कायमची उमटते. वर्तमानपत्राचे बोळेही नकोत, दाबले गेले की बसतात आणि आत पुन्हा जागा होते. शेवटी पेटी बंद करून आम्ही ती दोन्ही हातांनी उभी, आडवी, उलटी हलवून बघतो. आत 'टक' वाजले की पुन्हा उघडायची.

व्हायोलिनवाल्यांनी तारा पूर्ण सैल करू नयेत. आतली उभी काडी केवळ दाबावर उभी असते, ती पडली की जाणकाराशिवाय परत बसत नाही. अर्धा-एक सूर उतरवला की पुरे.

तबल्याचे गट्टे (चामड्याच्या पट्ट्यांखालचे लाकडी ठोकळे) वर ठोकून सूर उतरवा. विमानातल्या आणि तिकडच्या कोरड्या हवेत चामडे ताणले जाते, चढवलेली पुडी (वरचे चामडे) फाटू शकते. पुडीवरच्या काळ्या शाईवर काहीही टेकू देऊ नका. डग्ग्याला पोचा यायला फारसे लागत नाही, म्हणून तबला आणि डग्गा दोन वेगळ्या कप्प्यांत ठेवा. हातोडी चेक-इन सामानातच, केबिनमध्ये ती काढून घेतील.

पेटी यांत सगळ्यात सोशीक. भाता बंद करून कडी लावा, स्टॉप आत ढकला, कपलर असेल तर बंद करा, पट्ट्यांवर फोमचा पातळ तुकडा ठेवून मगच झाकण लावा. स्केल चेंजर (सूर बदलण्याची सोय) असेल तर वजन वाढते. अमेरिका-कॅनडाच्या तिकिटावर साधारणपणे एका नगाला २३ किलोची मर्यादा असते, तेव्हा पेटी खोक्यासकट घरीच काट्यावर ठेवून बघा.

विमानतळापर्यंत आणि विमानात

आपल्याकडून बहुतेकजण अहमदाबाद किंवा मुंबईहून उडतात. एक्सप्रेस वेवर वाद्य डिकीत ठेवायचेच असेल तर चहाला थांबल्यावर गाडी उन्हात बंद करून जाऊ नका. जुन्या सतारींचे सांधे सरसाने चिकटवलेले असतात, आणि बंद डिकीतल्या उष्णतेने सरस मऊ पडतो. इथे मोडलेले वाद्य अनेकदा "विमानात मोडले" म्हणून सांगितले जाते.

चेक-इन बॅगेची लांबी, रुंदी आणि उंची मिळून १५८ सेंटीमीटरपर्यंत चालते. पेटीत ठेवलेली सतार हमखास त्यापुढे जाते. जास्तीचे पैसे तिकीट काढतानाच विचारा आणि उत्तर लेखी घ्या. अमेरिकेत २०१५ पासून नियम आहे की जागा असेल तर लहान वाद्य केबिनमध्ये न्यायला विमान कंपनीने हरकत घ्यायची नाही. पण तो अमेरिकन कंपन्यांसाठी आहे. आखातातून जाणाऱ्या विमानात तो दाखवून उपयोग नाही. इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याच्या सुट्या लिथियम बॅटऱ्या मात्र केबिनच्या पिशवीतच ठेवा.

खोका जहाजाने जाणार असेल तर

गल्लीतल्या सुताराकडून फळ्यांचा खोका ठोकून घेण्याचा मोह टाळा. दुसऱ्या देशात जाणारा कच्च्या लाकडाचा खोका आयएसपीएम १५ या नियमाप्रमाणे भट्टीत तापवलेला लागतो, म्हणजे लाकडाच्या गाभ्यापर्यंत ५६ अंश, सलग ३० मिनिटे, आणि त्यावर ठरलेला शिक्का. शिक्का नसेल तर तिकडचे बंदर खोका अडवते. प्लायवूडला हा नियम लागू नाही, म्हणून आम्ही प्लायवूडच वापरतो. कंटेनर दिवसा तापतो, रात्री गार होतो आणि छतावर दव साठून खाली टपकते. त्यामुळे वाद्याला आतून प्लास्टिकची पिशवी आणि सिलिका जेलच्या पुड्या हव्यातच. दारापासून दारापर्यंत दोन-तीन महिने धरून चाला.

विमा घेताना एकच गोष्ट विचारा: खोका आम्ही भरला तर मोडतोड भरून मिळेल का? घरी भरलेल्या सामानाची मोडतोड बऱ्याच पॉलिसींत धरत नाहीत, खोकाच हरवला तर पैसे देतात.

कागद

शिसमाच्या तबल्याबद्दल नातेवाईक हमखास घाबरवतात. २०१७ च्या जानेवारीपासून शिसमाच्या जवळपास सगळ्या जातींवर आंतरराष्ट्रीय निर्बंध आले होते, ही गोष्ट खरी. पण २६ नोव्हेंबर २०१९ पासून तयार वाद्यांना त्यातून सूट आहे. अपवाद ब्राझिलियन शिसमाचा, तो काही जुन्या गिटारींत असतो.

खरी अडचण हाडा-शिंगांची आहे. जुन्या सतारीची घोडी किंवा जडावकाम हस्तिदंताचे अथवा सांबराच्या शिंगाचे असू शकते. ते बाहेर नेता येत नाही, आणि परवान्याशिवाय घरी ठेवलेला हस्तिदंतही कायद्यात बसत नाही. निघण्याआधी आम्हाला दाखवा. संशय असेल तर घोडी बदलून कृत्रिम मटेरियलची बसवतो आणि पावतीवर तसे लिहून देतो.

ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडला जाणाऱ्यांनी लाकूड, चामडे आणि भोपळा हे तिन्ही उतरताना फॉर्मवर लिहायचे. लपवले तर दंड होतो. भोपळा कानाशी धरून हलवा. आत बी खुळखुळत असेल तर ते इथेच काढून घ्या, कारण बी म्हटले की तिथले अधिकारी वाद्य बाजूला काढतात, आणि धुरी द्यावी लागली तर खर्च तुमच्या माथी.

कॅनडाला कायमचे जाताना मागून येणाऱ्या सामानाची यादी पहिल्यांदा उतरतानाच द्यावी लागते, वाद्य त्यात लिहायला विसरू नका. अमेरिकेत वर्षभर वापरलेल्या घरगुती सामानावर जकात नसते. ब्रिटनला राहायला जाताना मिळणाऱ्या सवलतीसाठी वस्तू निदान सहा महिने तुमच्या वापरात असावी लागते. नुसते कार्यक्रमाला जाऊन परत येणार असाल तर निघताना भारतीय कस्टमकडून एक्स्पोर्ट सर्टिफिकेट घ्या, म्हणजे परतताना जकातीवरून प्रश्न येत नाहीत. निघण्याआधी वाद्याचे फोटोही काढून ठेवा; घोडी, खुंट्या, भोपळ्याची मागची बाजू आणि आधीच्या चिरा जवळून काढा.

पोचल्यावर

वाद्य ठेवलेली पेटी लगेच उघडू नका. एक दिवस घरात तशीच राहू द्या, बाहेरच्या थंडीतून आत आलेले लाकूड हळूहळू सावरते. आपल्याकडच्या पावसाळ्यात फुगलेली सतार ऑगस्टमध्ये निघते आणि जानेवारीत टोरोंटोच्या हीटरवाल्या खोलीत आकसते. पडदे सैल होतात, खुंट्या घसरतात, तबलीला चीर जाते. मुंबईपासून तिथपर्यंतच्या सगळ्या धक्क्यांपेक्षा हा पहिला हिवाळा वाईट. एक स्वस्त हायग्रोमीटर घ्या. आर्द्रता ४० ते ६० टक्क्यांत असावी, खाली गेली तर ह्युमिडिफायर लावा आणि वाद्य हीटरच्या झोतापासून लांब ठेवा. खुंट्यांना खडू लावला की तात्पुरते भागते.

आम्ही काय करतो

वाद्य निघण्याच्या निदान तीन आठवडे आधी आणा. आदल्या दिवशी आणलेली सतार आम्ही नुसती गुंडाळून देऊ शकतो, त्याची हमी देत नाही. तपासणी, तारा उतरवणे, फोमचा साचा कापणे आणि प्लायवूडचा खोका एवढे आम्ही करतो. जहाजाचे बुकिंग आणि कस्टमचे काम करत नाही. ते करणाऱ्याला विचारायचे प्रश्न वर आलेच आहेत. जवारीचे सूत (तंबोऱ्याच्या तारांखाली घालायचा दोरा), जादा तारा आणि सुटे स्क्रू एका लहान डबीत घालून वर नाव लिहून देतो. ती डबी वाद्याच्या पेटीत ठेवू नका, खुळखुळते.