उच्चार सुधारले म्हणून एलायझा 'लेडी' झाली, हे खरं नाही

बोलणं सुधारा, माणूस आपोआप वरच्या वर्गात जातो, हे बर्नार्ड शॉच्या 'पिग्मॅलियन' या नाटकाचं सार म्हणून वर्षानुवर्षं सांगितलं जातं. आपल्याकडे पु. लं.च्या 'ती फुलराणी'मुळे गोष्ट ओळखीची, म्हणून समजही पक्का. भाषातज्ज्ञ हिगिन्स फुलं विकणाऱ्या एलायझाला 'लेडी'सारखं बोलायला शिकवतो, ही ती गोष्ट. नाटक मात्र वेगळंच दाखवतं.

तिसरा अंक बघा. हिगिन्सच्या आईकडे पाहुण्यांसमोर एलायझा हवामानावरचं घोटून घेतलेलं वाक्य अगदी निर्दोष उच्चारात म्हणते. आणि मग त्याच निर्दोष उच्चारात सांगते, की मावशी इन्फ्लुएन्झाने गेली म्हणतात, पण तिला घरच्यांनीच संपवलं असणार. तिची नवी हॅटसुद्धा कुणीतरी ढापली! उच्चार शंभर नंबरी, विषय गल्लीतला. गंमत म्हणजे पाहुण्यांतली क्लारा हीच नवी फॅशन समजते.

पाचव्या अंकात एलायझा श्रेय देते ते हिगिन्सचा मित्र पिकरिंगला. तो पहिल्याच दिवशी तिला 'मिस डूलिटल' म्हणाला, ती खोलीत आली की उभा राहायचा. उच्चार हिगिन्सने शिकवले, पण स्वतःची किंमत तिला इथे कळली. हिगिन्सचे शिष्टाचार तर स्वतःचेच धड नव्हते.

तिचा बाप डूलिटल तर कचरा उचलणारा. त्याला एका अमेरिकन श्रीमंताच्या मृत्युपत्रातून वर्षाला ३,००० पौंड मिळू लागतात आणि तो एका फटक्यात मध्यमवर्गीय होतो. त्याचे उच्चार कुणीच सुधारत नाही. वर आता इभ्रतीसाठी लग्न करावं लागतंय म्हणून तोच कुरकुरतो.