रेशन मिळणं वेगळं, अन्नाची शाश्वती वेगळी

खुरपणीचे दिवस आले की कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात, निपाणी-चिकोडी भागात, बांधाबांधावर एक तक्रार ऐकू येते: फुकटच्या तांदळानं मजूर माजलेत, कामाला कोण मिळत नाही. मोफत रेशनच्या योजनेची बाजू घेणारे म्हणतात, महिन्याला माणशी दहा किलो दिले की भुकेचा प्रश्नच उरत नाही. दोन्हीकडचा घोळ एकच आहे. घरात धान्य येणं आणि त्या घराला बारा महिने अन्नाची शाश्वती असणं, या दोन गोष्टी ते एकच धरून चालतात.

धान्याचा हिशेब सोपा आहे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानं बीपीएल कार्डावर महिन्याला माणशी ५ किलो आणि सर्वांत गरिबांच्या अंत्योदय कार्डावर घराला ३५ किलो धान्य मिळतं. जानेवारी २०२३ पासून ते मोफत झालं. त्यावर कर्नाटकाची अन्नभाग्य योजना, म्हणजे राज्याचे वरचे माणशी ५ किलो. जुलै २०२३ मध्ये राज्याला वाढीव तांदूळ मिळेना, तेव्हा किलोला ३४ रुपये धरून माणशी १७० रुपये खात्यावर येऊ लागले. २०२५ च्या सुरुवातीला पुन्हा तांदूळच द्यायचं ठरलं. दहा किलो म्हणजे माणशी दिवसाला सव्वातीनशे-साडेतीनशे ग्रॅम, साधारण साडेअकराशे कॅलरी. उसात राबणाऱ्या माणसाची निम्मी गरजही त्यात भागत नाही. नुसता तांदूळ मिळाला तर डाळ, तेल, भाजी विकतच.

शाश्वती अशी किलोत मोजता येत नाही. १९९६ च्या रोमच्या जागतिक अन्न परिषदेनं तिची जी व्याख्या केली तीत पुरेसं अन्न तर आहेच. शिवाय ते पौष्टिक हवं, घेण्याची ऐपत हवी आणि हे सगळं कायम हवं. आपल्याकडे ते ‘कायम’च अवघड.

एकच पोतं तीन घरांत काय करतं बघा. अथणीकडे जेवण ज्वारीच्या भाकरीचं. तिथं भात रात्रीपुरता, म्हणून तांदूळ उरतो आणि कधी गपचूप विकलाही जातो. विकणं बेकायदा आहेच, पण त्यातून कळतं की त्या घराला तांदूळ कमी पडत नाही, तेल-डाळीला पैसा कमी पडतो. खानापूरकडे स्वतःचं भात पिकवणारा घरचा तांदूळ खातो आणि रेशनचा डोसा-इडलीला भिजत घालतो. बिनजमिनीच्या घरात मात्र तोच तांदूळ रोज चुलीवर चढतो. दुकानातल्या तांदळाचे पैसे वाचतात आणि खरा फरक त्या वाचलेल्या पैशानं पडतो.

आता मजुरांच्या ‘माजा’बद्दल. पावसाळ्यात हाताला काम नसताना पूर्वी मजूर शेतकऱ्याकडून उचल घ्यायचा, कारण रात्रीच्या जेवणाची सोय करायची असायची. मग सुगीला शेतकरी सांगेल त्या मजुरीवर ती फेडायची. डब्यात तांदूळ असला की निदान खाण्यासाठी उचल घ्यावी लागत नाही आणि कमी मजुरीला ‘नाही’ म्हणता येतं. बांधावर ज्याला आळस म्हणतात त्यातला बराच भाग हाच आहे. माझ्या मते रेशननं दिलेली सर्वांत मोठी शाश्वती ही. तीही अर्धीच, कारण दवाखान्याचं बिल आलं की उचल पुन्हा घ्यावीच लागते.

पुरात तर फरक उघडाच पडतो. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा, दूधगंगा, वेदगंगेचं पाणी गावांत शिरलं तेव्हा गंजी केंद्रात, म्हणजे पूरग्रस्तांसाठीच्या सरकारी जेवणाच्या छावणीत, जेवण मिळालं, आणि ते मिळायलाच हवं होतं. पण पाणी ओसरल्यावर ऊस कुजलेला, भिंत पडलेली. त्या घराचं पुढचं वर्ष जेवणाच्या पाकिटानं निघत नाही.

घरातलं ताट हा आणखी एक कोपरा. पोतं घराच्या नावावर येतं. सून शेवटी जेवते की आधी, हे रेशन दुकानदार बघत नाही. म्हणून सरकारी शाळेत मिळणारं अंडं मला जास्त भरवशाचं वाटतं, ते थेट पोराच्या तोंडात जातं.

महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवर याला एक वेगळीच गाठ आहे. चंदगड-गडहिंग्लजची मुलगी लग्न होऊन बेळगावात आली की तिचं नाव महाराष्ट्राच्या कार्डातून कमी करून इथल्या कार्डावर चढवावं लागतं. अर्ज अडकला तर मधल्या काळात तिचं नाव दोन्हीकडच्या रेशनमधून सुटतं. कोल्हापूरला कामाला गेलेल्या इथल्या माणसाला ‘एक देश, एक रेशन कार्ड’मुळे तिथं अंगठा लावून केंद्राचे ५ किलो उचलता येतात, कर्नाटकाचं वरचं नाही. शिवाय कर्नाटकाच्या गृहलक्ष्मी योजनेचे महिन्याला २००० रुपयेही रेशन कार्डावरच्या कुटुंबप्रमुख बाईलाच. कार्डावरून नाव गेलं की तांदळाबरोबर तेही जातात. म्हणून लग्नाच्या हंगामानंतर तालुका कचेरीत जी गर्दी दिसते, त्यातली बरीच जणं तांदळासाठी नव्हे, कार्डावरच्या नावासाठी खेटे घालत असतात.