सर्वो मोटर बदलताय? ऑर्डर देण्याआधी हे वाचा

साकीनाका आणि अंधेरी एमआयडीसीतल्या गाळ्यांमधून आम्हाला फोन येतो तो बहुधा असा: "एक किलोवॅटची सर्वो मोटर आहे का?" सीएनसी मशीन बंद, जॉब अडकलेला, घाई आम्हाला समजते. तरीही नुसत्या किलोवॅटवर मोटर देणं आम्हाला पटत नाही.

मशीनचं टेबल ढकलतो तो टॉर्क, म्हणजे मोटरचा फिरवण्याचा जोर. किलोवॅटला ९५५० ने गुणा, आरपीएमने भागा, की टॉर्क न्यूटन-मीटरमध्ये मिळतो. ३००० आरपीएमची एक किलोवॅट मोटर ३.१८ न्यूटन-मीटर देते, २००० आरपीएमची ४.७७. जुनी मोटर २००० ची असताना ३००० ची बसवलीत, तर हलका कट निभावेल. जड कटला ओव्हरलोडचा अलार्म येत राहील आणि तुम्ही ड्राइव्हला (मोटरला वीज देऊन चालवणाऱ्या युनिटला) दोष देत बसाल. उलट केलंत तर वेग जातो. १० मिलिमीटर पिचच्या (एका फेऱ्यात अक्ष १० मिलिमीटर सरकवणाऱ्या) बॉल स्क्रूला थेट जोडलेली ३००० ची मोटर अक्ष मिनिटाला ३० मीटर पळवते, २००० ची २० मीटर. म्हणून नेमप्लेटवरचे टॉर्क, आरपीएम आणि अँपिअर तिन्ही पाहा. रोटरचा इनर्शिया (फिरण्यातलं जडत्व) कॅटलॉगमधून आम्ही जुळवून देतो. तो फार वेगळा असला तर अक्ष थरथरतो आणि फिनिश बिघडतो.

पण मुळात मोटरच गेली आहे का? मुंबईच्या पावसाळ्यात एन्कोडरच्या (मोटर किती फिरली ते मोजणाऱ्या भागाच्या) कनेक्टरमध्ये ओलावा किंवा कूलंट शिरला तरी अलार्म येतो. आधी कनेक्टर उघडून साफ करा, केबल तपासा. मेगर (इन्सुलेशन तपासणारं उच्च व्होल्टेजचं मीटर) लावायचा तर मोटरची पॉवर केबल ड्राइव्हपासून सोडवूनच. ड्राइव्हला किंवा एन्कोडरला मेगर लावलात तर चांगली वस्तू हातची जाईल. दोन अक्षांचे ड्राइव्ह अगदी एकाच मॉडेलचे असतील तर पॅरामीटर लिहून ठेवून अदलाबदल करून पाहा. अलार्म ड्राइव्हबरोबर दुसऱ्या अक्षावर गेला तर बिघाड ड्राइव्हमध्ये. जागेवरच राहिला तर मोटर किंवा केबल. एवढ्या तपासणीत काम झालं, तर आमच्याकडून काही घेऊ नका.

झेड, म्हणजे वर-खाली जाणाऱ्या, अक्षाच्या मोटरला ब्रेक आहे की नाही, हे विचारल्याशिवाय आम्ही ऑर्डर घेत नाही. एका ग्राहकाने बाहेरून स्वस्तात बिनब्रेकची मोटर आणून व्हीएमसीला (उभ्या मशीनिंग सेंटरला) लावली. पॉवर बंद करताच हेड खाली आलं आणि टूल जॉबमध्ये रुतलं. त्या वेळी कोणाचा हात आत नव्हता, म्हणून निभावलं.

ड्राइव्हच्या बाबतीत पहिला प्रश्न व्होल्टेजचा. आपल्याकडे थ्री फेज ४१५ व्होल्ट. बऱ्याच जपानी मशीनवरचे ड्राइव्ह २०० व्होल्ट वर्गातले असतात आणि ट्रान्सफॉर्मरवर चालतात. तसा ड्राइव्ह थेट ४१५ वर जोडला की तो गेलाच. दुसरा प्रश्न, कंट्रोलरकडून ड्राइव्हला आज्ञा कशी जाते: १० व्होल्टचा ॲनालॉग सिग्नल, पल्स, की ईथरकॅट नेटवर्क? फॅनुक कंपनीच्या कंट्रोलरच्या एफएसएसबी (त्यांच्या स्वतःच्या जोडणीच्या) फायबर केबलवर दुसऱ्या कंपनीचा ड्राइव्ह चालत नाही, तिथे पर्याय शोधण्यात वेळ घालवू नका.

एन्कोडरही जुळायला हवा. २५०० लाइनचा जुना इन्क्रिमेंटल एन्कोडर फेऱ्याला १०,००० काउंट देतो, म्हणजे १० मिलिमीटर पिचला एक मायक्रॉन. नवा १७ बिटचा १,३१,०७२ देतो. ड्राइव्हमधलं इलेक्ट्रॉनिक गिअर (काउंटचं प्रमाण ठरवणारी सेटिंग) त्यानुसार बदललं नाही, तर माप चुकेल. बॅटरीवर स्थिती लक्षात ठेवणारा ॲब्सोल्यूट एन्कोडर असेल तर मोटर काढण्याआधी अक्षाच्या शून्यावर खूण करून ठेवा.

कपलिंग हातोडीने ठोकून बसवू नका. मागचा एन्कोडर त्या धक्क्याने फुटतो.

आम्हाला मोटर आणि ड्राइव्ह दोन्हींच्या नेमप्लेटचे फोटो पाठवा. सोबत फ्लँजचं माप, शाफ्टचा व्यास, चावीची खाच आहे की नाही, आणि अलार्मचा नंबर. नवीन मोटरवर मशीन आठवडाभर नीट चालेपर्यंत जुनी भंगारात देऊ नका. एखादं माप पुन्हा घ्यावं लागलं तर तीच समोर हवी.