भरगच्च सेट आणि वस्तूंच्या ताब्यातलं घर

नवरा-बायकोपेक्षा घरातल्या वस्तू मोठ्या झाल्यात, असं नाटकात दाखवायचं ठरलं की पहिली धावपळ सुरू होते ती सामान गोळा करायची. शोकेस, त्यात बाहुल्या, कोपऱ्यात ट्रेडमिल, तिच्यावर वाळत घातलेला टॉवेल. पडदा उघडताच प्रेक्षक हसतात आणि पाच मिनिटांत सगळं विसरतात, कारण सामान भिंतीला टेकलेलं असतं आणि मधल्या दहा फुटांत पात्रं हवी तशी फिरतात. हा झाला भरगच्च सेट. घर कुणाचं, ते तो चोख सांगतो. घरात चालतं कुणाचं, ते नाही सांगत.

त्यासाठी पाच-सहा नगही पुरतात, पण ते वाटेत हवेत. सोफा आणि फ्रिज यांच्यात १६ इंच ठेवा. माणूस तिरका होऊनच जातो, आणि समोरून दुसरा आला तर एकाला थांबावंच लागतं. मात्र ही फट सुरुवातीपासून नको. पहिल्या प्रवेशात ३० इंच, दुसऱ्यात २२, तिसऱ्यात १६. दोन प्रवेशांमधल्या अंधारात सोफा पुढच्या मापापर्यंत सरकवायचा. सोफा कुठवर आणायचा त्या जमिनीवरच्या खुणांना वेगवेगळे रंग देऊ नका, अंधारात ते कळत नाहीत. चमकत्या टेपच्या एक, दोन, तीन पट्ट्या लावा.

सोफ्याची बैठक साधारण १८ इंच उंच असते. २१ केली की बुटक्या नटाचे पाय अधांतरी राहतात. २४ केली की बालनाट्य होतं. सोफ्यावर प्लॅस्टिकचं कव्हर घालायचा मोह सगळ्यांनाच होतो, पण दर हालचालीला ते चुरचुरतं आणि वाक्य खातं. शोकेसची काच प्रेक्षकांच्या डोळ्यांवर चमकत असेल तर कोरडा साबण फिरवा.

फ्रेंच नाटककार आयनेस्कोचं 'खुर्च्या' (१९५२) उगीच अशा, वस्तूंच्या ताब्यातल्या घराच्या नाटकांत घातलं जातं. तिथे म्हातारं जोडपं आहे, रंगमंचही भरतो. पण त्या खुर्च्या न दिसणाऱ्या पाहुण्यांसाठी मांडलेल्या असतात, हौसेनं जमवलेल्या नसतात. फर्निचरमध्ये माणूस गाडला जातो तो त्याच्याच 'नवा भाडेकरू'मध्ये, आणि तो एकटा असतो.

तालमी सामानाच्या जागी जमिनीवर आखलेल्या टेपच्या चौकटींत करू नका. नट त्या सहज ओलांडतात आणि रंगीत तालमीत सगळं ब्लॉकिंग, म्हणजे कुणी कुठून कुठे जायचं ते, कोसळतं. पहिल्या दिवसापासून त्याच मापाचे खोके ठेवा. टेपवर गुडघा आपटत नाही.